मंजूर नमुन्याचं सोनं

आपल्या घरात आपल्याविषयी कसलीही कृतज्ञता नाही, हा शोध चिंतामणराव कर्णिकांना मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये लागला. साहेबांच्या टेबलावर काच होती, काचेखाली सोनेरी कागदाचं आपट्याचं पान होतं आणि त्या पानावर साहेबांच्या दोन मुलांनी डेहराडूनच्या होस्टेलमधून पप्पांचे आभार मानले होते. साहेब बोलता बोलता त्या पानावरून बोट फिरवत. अंबरनाथच्या त्या केमिकल कंपनीत चिंतामणराव पर्चेस ऑफिसर होते आणि व्हॉल्व्ह वेळेवर का आले नाहीत हे सांगायला साहेबांपुढे उभे होते. व्हॉल्व्हचं त्यांना पुढे काही सुचेना. आपण बेचाळीस वर्षांचे झालो, बायको झाली, दोन मुलं झाली, फ्लॅट झाला आणि आपल्या काचेखाली अजून नुसतं रेल्वेचं टाइमटेबल आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला, वृंदावहिनींना, विचारलं की या घरात मला कधी कोणी थँक्यू म्हटलं आहे का. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी जरा आठवून पाहिलं आणि सांगितलं की गेल्या वर्षी गॅसचा सिलिंडर तुम्ही स्वतः वर आणलात तेव्हा मी म्हटलं होतं, पण तो रिकामा निघाला. चिंतामणरावांना हे उत्तर लागलं. मानी माणसाला उत्तरं फार लवकर लागतात.

जेवणाच्या वेळी त्यांनी योजना जाहीर केली. दसरा तीन-चार आठवड्यांवर होता. मीनल आणि बाळ, म्हणजे सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा, यांनी सोनेरी कागदाची आपट्याची पानं करायची, त्यांवर आपल्या मनातली कृतज्ञता लिहायची आणि ती एका फांदीला टांगायची. दसऱ्याच्या संध्याकाळी मोठ्या साहेबांना चहाला बोलवायचं आणि साहेबांच्या देखत मुलांनी एकेक पान तोडून वडिलांच्या हातात द्यायचं. मीनलने विचारलं, आईला पण द्यायचं का. चिंतामणराव म्हणाले, आईचं पुढच्या वर्षी बघू.

कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे चिंतामणरावांचे वडील. बदलापूरच्या एका भातगिरणीत त्यांनी जन्मभर हिशेब लिहिले आणि आता ते मुलाकडे राहत होते. फार बोलत नसत. त्यांनी हळूच विचारलं की मी कात्री धरू का, पानं कापायला मला येतं. चिंतामणराव म्हणाले, "अण्णा, तुम्ही नुसतं बघा." मग अण्णा बघत बसले.

दुसरा कुणी बाप असता तर कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सोनेरी कागद आणून मोकळा झाला असता. पण चिंतामणरावांच्या रक्तात पर्चेस होतं. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी टाचणी घेतली नव्हती. त्यांनी तीन स्टेशनरीवाल्यांकडे सोनेरी कागदासाठी लेखी कोटेशन मागितलं. पहिल्याने बिडीबंडलाच्या वेष्टणावर एक आकडा लिहून दिला. दुसऱ्याला वाटलं ही इन्कम टॅक्सची काहीतरी भानगड आहे. तो म्हणाला, आम्ही सोनेरी कागद ठेवतच नाही, आणि मागच्या भेंडोळ्यांवर त्याने घाईघाईने चादर टाकली. तिसरा म्हणाला, घ्यायचा तर घ्या, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाट सोडा. तिसऱ्याच्या उद्धट वागण्याची नोंद घेऊन चिंतामणरावांनी कागद शेवटी त्याच्याकडूनच घेतला, कारण कागद त्याच्याचकडे होता. तोवर मीनलने बिस्किटांच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची पानं केली होती आणि बाळने ती खेळण्यातल्या नोटा म्हणून वापरून संपवलीही होती.

फांदी कमळाकरने आणून दिली. कमळाकर हा जवळच्या मोरिवली गावचा, कंपनीत स्टोअरला होता, आणि त्याच्या घराची जमीन अजून कारखान्यांच्या भिंतींमध्ये थोडीफार शिल्लक होती. फांदी चिंतामणरावांनी जिन्यात ठेवली आणि तिथून तिचं सरकारी आयुष्य सुरू झालं. सोसायटीचे सेक्रेटरी भगवंतराव खाली आले, फांदीभोवती एक फेरी मारून म्हणाले की सामाईक जागेत झाड ठेवायचं तर कमिटीकडे अर्ज हवा. झाड नाही, फांदी आहे, असं चिंतामणराव म्हणाले. मग अर्जात तसं लिहा, असं भगवंतराव म्हणाले. अर्ज गेला. कमिटीची बैठक भरली. पान गळलं तर झाडायचं कोणी यावर चर्चा झाली. पानं कागदाची असून ती गळणार नाहीत असं चिंतामणरावांनी लेखी दिलं. तळमजल्यावरच्या सुनंदाबाईंनी मध्येच सांगितलं की ही फांदी आपट्याची नाहीच, कांचनाची आहे. लगेच दोन तट पडले. जे दरवर्षी बाजारातून कांचन आणून आपटा म्हणून वाटतात, ते सगळे आपट्याच्या बाजूने तावातावाने बोलले. शेवटी ना हरकत मिळाली, पण फांदी घराच्या आत ठेवावी या अटीवर, आणि त्यासाठी अर्जाची गरजच नव्हती.

मुलांनी पानं कापायला घेतली. मीनल बरी कापत होती. बाळ जीभ बाहेर काढून, कागद कात्रीकडे नेण्याऐवजी कात्री कागदाच्या मागे फिरवत कापत होता. दोघं हसत होती, आणि हे हसणं थांबवायला चिंतामणराव कंपनीच्या स्टोअरमधून जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. आपट्याच्या पानाला दोन पाकळ्या असतात, त्या समान हव्यात. बाळच्या पानाची डावी पाकळी जाड निघाली. रिजेक्ट. मीनलचं देठ आखूड होतं. रिजेक्ट. वृंदावहिनी म्हणाल्या की खऱ्या आपट्याची पानं पण एकसारखी नसतात. त्यावर चिंतामणराव म्हणाले की खऱ्या आपट्याला साहेबांसमोर उभं राहायचं नाहीये.

मग मजकुराची तपासणी झाली, आणि ती जास्त जड गेली. मीनलने लिहिलं होतं, ‘बाबा रविवारी आम्हाला गणितं घालतात.’ ही कृतज्ञता आहे की तक्रार आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली की मला माहीत नाही, पण खरं आहे. बाळने लिहिलं होतं, ‘बाबा शनिवारी उशिरा येतात ते छान.’ चिंतामणरावांनी ते पान दोनदा वाचलं. ते रागावले नाहीत. रागावण्याइतकं बळही त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पानं बाजूला ठेवली आणि मजकूर स्पेसिफिकेशनप्रमाणे नाही, एवढंच म्हणाले.

एका रविवारी दार लावून त्यांनी मजकूर स्वतः लिहिला. स्वतःचे उपकार आठवायला बसलेला माणूस बाहेरून ध्यानाला बसल्यासारखा दिसतो. मध्ये दोनदा चहा आत गेला. पहिली ओळ चटकन जमली, पुढच्या ओळींना मात्र काही केल्या मालमसाला मिळेना. तेव्हा त्यांनी डोळे मिटले, चांगला बाप म्हणजे कसा असतो ते मनाशी आणलं आणि मग भराभर लिहून काढलं. मुलांनी लिहिलंय असं वाटावं म्हणून अक्षर मुद्दाम वेडंवाकडं ठेवलं. खाली लिहिलं, ‘आपले, मीनल आणि बाळ कर्णिक, अंबरनाथ’. मजकूर मुलांना दिला आणि सगळ्या पानांवर असाच उतरवा म्हणून सांगितलं. पण तेवढ्यात सहामाही परीक्षा आली, आणि वडिलांविषयीची कृतज्ञता पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा मुलांना इतिहासाची उत्तरं लिहिणं सोपं वाटू लागलं. मीनलने सरळ सांगितलं, "बाबा, हे तुमचंच आहे तर तुम्हीच लिहा ना."

कमळाकरने मार्ग दाखवला. तो म्हणाला, "कॅम्पात जा ना साहेब. उल्हासनगरला कायपण दाखवा, सेम टू सेम बनवून देतात. उगाच पोरांना का तरास?" चिंतामणरावांना ही सूचना पटली. घरच्यांची कृतज्ञता बाहेरून करून घ्यावी यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. कंपनीत अर्धी कामं अशीच बाहेरून होत.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये टेकचंद नावाच्या छपाईवाल्याचं दुकान होतं. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मिठाईच्या बॉक्सची झाकणं, सगळं तिथे छापत. टेकचंदने साईं म्हणून बसवलं, थंडा मागवला आणि पान हातात घेऊन उजेडात धरलं. चिंतामणरावांनी ते पान स्वतःच्या हाताने कापलं होतं, त्यावर मजकूर स्वतः लिहिला होता आणि मागच्या बाजूला ‘नमुना मंजूर’ असा शिक्का मारून सही केली होती. शंभर पानं हवीत, असं त्यांनी सांगितलं. टेकचंद म्हणाला की शंभरासाठी या अक्षराचा ब्लॉक करणं आणि मशीन लावणं परवडत नाही. मशीन सुरू झालं की ते हजारांनीच काढतं. चिंतामणराव म्हणाले, बाकीचा माल तुमचा, तुम्ही जाणा, मला माझी शंभर पानं बॉक्समध्ये द्या. टेकचंदने मान हलवली आणि एकच गोष्ट विचारली. "साईं, नीचे बच्चों का नाम है. इसका क्या करूँ?"

पुरवठादाराला बदल करायची मुभा दिली की माल हातचा जातो, हे चिंतामणरावांनी वीस वर्षांच्या नोकरीत शिकून घेतलं होतं. ते ताठ झाले आणि म्हणाले, "कुछ नहीं करना. अप्रूव्ड सॅम्पल है. हुबेहूब चाहिए. कॉमा भी हिलना नहीं मंगता."

टेकचंद म्हणाला, "जैसा बोलो."

बॉक्स घरी आला. पानं देखणी होती, दोन्ही पाकळ्या बरोबर, व्हर्नियर लावला तरी फरक नाही. चिंतामणरावांनी वृंदावहिनींना बजावलं की यंदा बाजारातून आपटा आणायचा नाही. या घरात बाहेरचं पान येता कामा नये. वहिनी म्हणाल्या की हेही बाहेरूनच आलंय. पण त्या वेळी चिंतामणराव पानं फांदीला बांधत होते आणि त्यांना ऐकू आलं नाही.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून कंपनीत मशिनांची पूजा आणि सोनं वाटणं आदल्या दिवशीच उरकत. चिंतामणराव नवा सफारी घालून गेले. साहेबांना चहाचं आमंत्रण द्यायचं होतं. बॉयलरला झेंडूचा हार होता, पंपांना हळदकुंकू होतं, आणि कँटीनवाल्याने यंदा हौसेने सगळ्यांसाठी नव्या फॅशनचं सोनं आणलं होतं. अंबरनाथ स्टेशनबाहेर ढिगाने आलंय, असं तो सांगत होता. चमकतं छान, वाळत नाही, आणि वर छापलेलं कोण वाचतंय. कमळाकर मात्र वाचत होता. त्याने पान नाकाजवळ धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तीर्थरूप बाबांस. तुम्ही आमच्यासाठी अहोरात्र कष्ट केलेत." मग नजर एकदम खाली गेली. मधल्या ओळी वाचायला कोणी थांबलंच नाही. खालची नावं वाचून पॅकिंग खात्यापासून बॉयलरपर्यंत जे हसू पसरलं, ते पूजा संपली तरी आवरलं नाही.

साहेबांच्या हातातही एक पान होतं. त्यांना मराठी वाचता येत नसे, म्हणून त्यांनी कमळाकरकडून अर्थ समजून घेतला होता. त्यांनी चिंतामणरावांना जवळ बोलावलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कर्णिक, मेरे दो बच्चे तो देहरादून में हैं. ये मीनल और बाळ मुझे बाबा क्यों बोल रहे हैं?"

चिंतामणराव सर, सर, असं दोनदा म्हणाले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले की बच्चे अच्छे हैं. त्या थोपटण्यात चहाचं आमंत्रण राहूनच गेलं.

संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. टेकचंदचा माल अंबरनाथच्या बुवापाड्यात गेला होता, बदलापूरच्या बाजारात गेला होता, सोसायटीच्या कोपऱ्यावर त्या उद्धट स्टेशनरीवाल्याकडेही टांगला होता. एका दिवसात मीनल आणि बाळ यांना अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत शेकड्यांनी बाप झाले होते. भगवंतराव जिन्यात भेटले आणि हात जोडून म्हणाले, या बाबा. सुनंदाबाईंनी वृंदावहिनींना बाजूला घेऊन काळजीने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मीनल शाळेतून रडत आली. बाळ रडला नाही, पण आपलं नाव आता बदलता येईल का असं त्याने विचारलं.

चिंतामणराव तडक उल्हासनगरला गेले. टेकचंदने त्यांना बसवलं, थंडा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि गल्ल्याखालून तो मूळ नमुना काढून पालथा घालून त्यांच्यापुढे ठेवला. शिक्का होता, सही होती. "आपने बोला था ना साईं, कॉमा भी नहीं." त्याचा आवाज नरम होता, त्यात टोमणा नव्हता. चिंतामणरावांनी जन्मभर पुरवठादारांना असेच कागद दाखवून गप्प केलं होतं, त्यामुळे पुढे काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी थंडा संपवला आणि परत आले.

दसऱ्याचा दिवस त्यांनी आत झोपून काढला. डोकं दुखतंय असं सांगितलं. दुखत होता मान, पण त्याला गोळी नाही.

दिवे लागल्यावर वहिनींनी दार ठोठावलं. अण्णा थांबलेत, म्हणाल्या. दर दसऱ्याला अण्णा काळी टोपी घालून खुर्चीत बसत आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांना सोनं देऊन नमस्कार करायचा, पहिला मान चिंतामणरावांचा. चिंतामणराव बाहेर आले. आपट्याची पानं कुठायत, त्यांनी विचारलं. घरात नव्हती, आणायला मनाई कोणी केली होती ते वहिनींनी बोलून दाखवलं नाही. आता बाजारातही कांचनाची काडी उरली नव्हती. फांदीवर शंभर सोनेरी पानं मात्र लटकत होती, आणि मुलं त्या फांदीच्या वाऱ्यालाही उभी राहायला तयार नव्हती.

अण्णांना रिकाम्या हाताने नमस्कार करणं शक्य नव्हतं. चिंतामणरावांनी एक पान तोडलं, मजकूर खालच्या बाजूला येईल असं धरलं, अण्णांच्या हातात ठेवलं आणि वाकले. ते उठतात तोवर अण्णांनी पान उलटं केलं होतं आणि डोळ्यांपासून लांब धरलं होतं.

"हे अक्षर तुझं आहे," अण्णा म्हणाले. "चौथीत असं काढायचास. तू लिहिलंस?"

गेल्या महिन्याभरात चिंतामणरावांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता ज्याचं खरं उत्तर त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "हो."

"वाचून दाखव. बारीक दिसत नाही मला."

वहिनी दारात उभ्या होत्या. मीनल आणि बाळ टक लावून पाहत होती. चिंतामणरावांनी पान घेतलं आणि मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. तीर्थरूप बाबांस. तुम्ही आमच्यासाठी अहोरात्र कष्ट केलेत. इथवर ठीक होतं. मग मधल्या ओळी आल्या. आम्हाला सायकल घेतलीत आणि स्वतः पायी गेलात. एकच कोट उलटवून शिवून घेतलात आणि आम्हाला नवे कपडे केलेत. आम्ही आजारी पडलो तेव्हा उशाशी बसून राहिलात आणि सकाळी न जेवता कामावर गेलात.

चिंतामणराव थांबले. त्यांच्याकडे उलटवलेला कोट नव्हता; दर दिवाळीला ते नवा सफारी शिवत. मुलांच्या उशाशी वृंदावहिनी बसत. सायकल बाळ कधीपासून मागत होता. चांगला बाप कसा असतो हे आठवायला त्या रविवारी त्यांनी डोळे मिटले होते, तेव्हा समोर कोण आलं होतं हे आज वाचताना त्यांना कळलं, आणि त्या माणसाच्या जिवावर ते साहेबांसमोर मिरवायला निघाले होते. त्यांना लाज वाटली. कंपनीत वाटली होती त्याहून ही वेगळी होती. शेवटची ओळ त्यांनी कशीबशी पुरी केली आणि खालची नावं वाचलीच नाहीत.

अण्णांनी पान परत मागून घेतलं, घडी न घालता सदऱ्याच्या खिशात सरळ ठेवलं आणि टोपी नीट केली.

"अहोरात्र काही नाही," ते म्हणाले. "रात्री मी झोपायचो. बाकीचं खरं आहे."